राक्षसाचं कपाळ का फाटलं?

“पुन्हा फाटला! हे काम आहे की थट्टा?” नायकाने राक्षसाचा रबरी मुखवटा आत्याच्या टेबलावर आपटला. कपाळावर वीतभर चीर पडली होती.

सुट्टीत आत्याच्या कामाच्या खोलीत लुडबुड करायला आलेली चिमटी आणि तिचे आतेभाऊ, बोका आणि ढोल, कोपऱ्यात गपगार उभे होते. आत्या ज्या सिनेमासाठी मुखवटा बनवत होती, त्यात पोरं पळवणाऱ्या राक्षसाची जुनी गोष्ट पार उलटी केली होती. इथे राक्षस पोरांना जीव लावायचा. पडद्यावरच, बरं का! मुखवटा उतरला की हाच नायक पोरांवर वसावसा ओरडायचा.

मागोमाग दिग्दर्शक आला. “बाई, उद्या शेवटची संधी. पुन्हा फाटला तर दुसरा कारागीर आणतो. तुमचं नाव सिनेमातून गेलंच म्हणून समजा.”

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. अख्खं वर्ष ती या एका मुखवट्यामागे लागली होती. चिमटीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने चिरेवरून बोट फिरवलं.

“आत्या, हे चिकट का लागतंय?”

“तेल लागलं की रबर असंच सडतं. त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डोक्याला तेल नको. लावतच नाही म्हणतो. माझं कोण ऐकणार?”

आत्या चीर सांधायला बसली, तशी तिघं बाहेर सटकली.

“त्याच्या खोलीत घुसून तेलाची बाटली शोधू,” बोका म्हणाला.

“म्हणजे चोर आपणच ठरू,” ढोल म्हणाला.

“आणि बाटली माझी नाही म्हणाला की संपलं,” चिमटीने दोघांनाही झापलं. “त्याच्या डोक्यानेच सांगायला हवं.”

सकाळी तिने मुखवट्याच्या आत, कपाळापाशी, पातळ कागदाची पट्टी चिकटवली. “घाम टिपायला,” ती गोड आवाजात म्हणाली. नायक खूश झाला. तशीच दुसरी पट्टी तिने बोक्याच्या कपाळावर बांधली आणि त्याला मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं.

“मीच का?” बोका धुसफुसला.

“तुला घाम फार येतो म्हणून. पळ.”

दुपारी मुखवट्याच्या कपाळाचा सांधा उसवायला लागला आणि नायकाने सेट डोक्यावर घेतला. दिग्दर्शक धावत आला. चिमटीने आतली पट्टी ओढून काढली. ती ओलीचिंब होती.

“घाम आहे तो, मूर्ख मुली!” नायक ओरडला.

“मग वाळेल,” चिमटी म्हणाली.

तिने दोन्ही पट्ट्या तापलेल्या दिव्यासमोर धरल्या. सगळे गोळा झाले. थोड्या वेळात बोक्याची पट्टी कडकडीत वाळली. नायकाची मात्र तशीच तुकतुकीत राहिली. तिच्यातून पलीकडचा दिवा आरपार दिसत होता.

“केस गळतात हो माझे,” नायक पुटपुटला. “थोडंसंच लावतो.”

ढोलला हसू आवरेना. दिग्दर्शकाने नायकाकडे जळजळीत नजर टाकली आणि तो आत्याकडे वळला. “बाई, चुकलो मी. तुमचं नाव राहील, तेही ठळक अक्षरात. पोरं भारी हुशार आहेत तुमची.”

“आहेतच,” आत्या म्हणाली. आभारबिभार काही मानले नाहीत तिने. नळाखाली स्टूल सरकवलं आणि नायकाला म्हणाली, “बसा. डोकं धुतल्याशिवाय मुखवटा मिळणार नाही.”

सगळ्यांच्या देखत नायकाने मान खाली घातली. आत्या साबण लावून खसाखसा चोळू लागली.

“डोळ्यांत जातोय हो साबण!”

“चिमटे, पाणी घाल ग,” आत्या म्हणाली.

चिमटीने गार पाण्याची अख्खी बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली.