स्कार्थबीचे स्कार्थबी

भर पावसात रस्ता चुकलेल्या ज्या माणसाला मी माझ्या छत्रीतून गावच्या सभागृहात पोचवलं, त्यानेच अर्ध्या तासात साऱ्या गावादेखत आमच्या घराण्याचं नाक कापलं!

गाव स्कार्थबी, आणि आम्हीही स्कार्थबी. गाव आमचं म्हणून नाव आमचं, असं बाबा जन्मभर सांगत आलेले. आणि हा एडमंड थ्वेट, गावांची नावं नि आडनावं शोधत यॉर्कशर पालथं घालणारा, भाषणात म्हणाला, "गावातल्या गावात कुणाला गावाच्या नावाने ओळखत नाहीत. असं आडनाव पडतं गाव सोडून गेलेल्याला. स्कार्थबी मंडळी बहुधा नंतर परत आलेली."

सगळे खो-खो हसले. बाबा चहा अर्धा टाकून उठून गेले.

दुसऱ्या सकाळी स्वारी आमच्या फाटकाशी! हातात टोपी, केसांतून पाणी ओघळतंय... दिसायला बरा होता, याचाच जास्त संताप आला.

"मिस स्कार्थबी, रागावलात?"

"छे! आम्हाला उपरं ठरवलंत, एवढंच. या नावाची मी शेवटची. ते तरी मानाने संपू द्यायचं होतंत!"

"परत आलेले, म्हणालो मी. बाकीचे नुसते राहिले... तुमच्या माणसांना गावाची आठवण आली."

"मग हे काल का नाही बोललात?"

"काल तुम्ही पहिल्या रांगेत होतात... पुढचं सगळं विसरलो."

बाबांची माफी मागायला तो आत गेला, तो जेवूनच बाहेर पडला. मग शेतांची जुनी नावं विचारायला म्हणून रोज येऊ लागला. आणि पंधरा दिवसांनी खुशाल म्हणतो, "उद्या निघतो."

"निघता?" मी भडकलेच. "अहो, लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार वाचतात! ती काय मी एकटीने ऐकायची?"

तो लालबुंद झाला. "कु... कुणाच्या लग्नाची?"

"तेही मीच सांगू? आणि आडनाव मी बदलणार नाही!"

"नका ना... मी बदलतो."

रविवारी पाद्रीबाबांनी आमची नावं वाचली. "कुणाचा आक्षेप असेल, तर आताच सांगावा."

"माझा आहे!" बाबा काठी टेकत उभे राहिले. एडमंडने माझा हात घट्ट धरला.

"आमचं नाव पुटपुटलात तुम्ही," बाबा गरजले. "मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचा!"