नानांचा गुरुवार

ही गोष्ट खरी आहे. भुताचं नाव काढलं की ज्याला हसू येतं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मग पुढं वाचावं. माझा मावसभाऊ सुदर्शन माझ्यासमोर बसून, मान खाली घालून हे बोललाय.

साल २००७, ऐन उन्हाळा. गाव येडगाव, धरणाच्या कडेला.

आणि वेळ रात्रीची नाही बरं का... भर दुपारची.

सुदर्शनचे वडील कुंडलिकनाना म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. भावकीची भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची. त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं. सुदर्शन शाळेत असताना त्यानं आळेफाट्यावरून टीव्ही गेम आणला होता. कॅसेटमध्ये फुंकर मारून लावायचा, तसला. त्या गेमपायी नानांनी त्याला पायताणानं बडवलं होतं.

पुढं सुदर्शन चाकणला कंपनीत लागला. लग्न झालं, शौर्य नावाचं पोरगं झालं. गुरुवारची सुट्टी घरी काढायचा. अशाच एका गुरुवारी त्यानं माळ्यावरून तो जुना गेम खाली काढला. तिशीतला बाप्या, दार लोटून रणगाडे उडवत बसला!

आणि खरं सांगू? लहानपणापेक्षा जास्त मजा आली.

तेवढ्यात दार ढकलून नाना आत.

सुदर्शनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता या वयात मार खायचा का काय?

नानांनी दाराला कडी घातली. पलंगावर बसले. घसा खाकरला.

"दुसरा रिमोट कुठंय?"

तेव्हापासून दर गुरुवारी बापलेक दार लावून बसायचे. पडद्यावर खाली विटांच्या भिंतीत एक पाखरू असायचं, ते जपायचं आणि वरून येणारे रणगाडे फोडायचे. नाना कधी पुढं गेले नाहीत. "तू हो फुडं, मी हितं राखण करतो," म्हणायचे. एखादा रणगाडा फुटला की तोंडात उपरणं कोंबून हसायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"भाईर बोललास तर याद राख," त्यांनी बजावलं होतं. "लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

घरात सगळ्यांना वाटायचं, आत जमिनीचे कागद बघतायत.

मग एका मंगळवारी नाना बांधावर बसल्या बसल्या गेले. सकाळीच फोनवर म्हणाले होते, "गुरुवारी जरा लवकर ये, राव."

घरात सुतक. टीव्हीवर चादर टाकली, पिन काढून ठेवली. गेम सुदर्शननं स्वतः कपाटात कोंबला आणि चावी खिशात घातली.

गुरुवार आला. दुपारचं भारनियमन. गावातला एकही पंखा फिरत नव्हता. सुदर्शन ओट्यावर पाव्हण्यांत बसला होता.

आणि आतून आवाज आला...

टुंटुं टुटुंटुं...

गेम सुरू होतानाची धून.

त्यानं आजूबाजूला बघितलं. पाव्हणे आपले बोलत होते. कुणालाच ऐकू येत नव्हतं.

तो आत धावला. आवाज बंद. टीव्हीवर चादर तशीच. कपाटाला कुलूप तसंच.

पण पलंगावर... दोन्ही रिमोट.

एक त्याच्या जागेवर. एक नानांच्या.

त्यानं ते उचलले, तेवढ्यात मागं त्याची बायको आरती आणि धोंडाबाई आत्या येऊन उभ्या. त्याच्या हातात रिमोट बघून आरतीचा चेहराच उतरला.

"अहो, सुतकात? नानांची राख थंड न्हाई झाली आन तुमी खेळताय?"

आत्या तर थुंकलीच. "बापाच्या जिवावर उठला व्हता का रं?"

काय सांगणार? खरं सांगावं तर नानांची अब्रू जाणार. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

मग दहावा. कुकडीच्या काठावर ही माणसं! माईकवर श्रद्धांजलीची भाषणं झाली. "नानांनी उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नाही, खेळतमाशात वेळ घालवला नाही," एक पुढारी म्हणाला. सुदर्शनचे कान तापले.

पिंड ठेवला. भजी, जिलबी, नानांचा तंबाखू, सगळं मांडलं.

कावळा शिवेना.

समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता.

चुलते भगवंत पुढं झाले. "दादा, बांधाचं भांडण मिटवतो."

काहीच नाही.

आत्यानं पदर पसरला. "भाऊ, पोराला पदराखाली घेईन, त्याची चूक पोटात घालीन."

काहीच नाही...

"सुदर्शन, तू बोल," भगवंतकाका म्हणाले. "एकुलता एक हायेस. त्यांची काय इच्छा राहिली, तुलाच ठावं."

ठाऊक होतं ना! बोलायचं एवढंच होतं: नाना, गुरुवारी खेळू.

तो पिंडाजवळ गेला. हात जोडले. अख्खा घाट कान टवकारून.

एक कावळा बाभळीवरून उतरला. पिंडाच्या अगदी जवळ आला. मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला...

"मोठ्यानं बोल की!" मागून कुणीतरी म्हणालं.

सुदर्शननं मागं वळून बघितलं. एवढ्या लोकांत? आत्ता ज्यांनी नानांना डोक्यावर घेतलं त्यांच्यासमोर?

"नाना," तो म्हणाला, "शौर्यला लई शिकवीन."

कावळा दोन पावलं मागं सरला. उडाला तो थेट धरणाच्या दिशेला. त्याच्यामागं बाकीचेही गेले.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक जेवायला बसले.

तेरावा झाल्यावरच्या गुरुवारी सुदर्शननं दार लावलं. गेम जोडला. दोन खेळाडू निवडले. दुसरा रिमोट पलंगावर ठेवला आणि एकटाच खेळायला लागला. दुसरा रणगाडा खाली कोपऱ्यात उभा होता.

मग... तो हलला.

हळूच पाखरापुढं गेला आणि तोंड वर करून राखणीला थांबला.

सुदर्शननं पलंगाकडं बघितलं. रिमोटचं बटण आपोआप दाबलं जात होतं.

"भ्यायला पाह्यजे व्हतं रे," तो मला म्हणाला. "पण मी फुडं गेलो. आमी तीन डाव काढले. लई मजा आली."

हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

आता दरवर्षी पितृपक्षात तो पत्र्यावर घास ठेवतो. तिथं ना माईक, ना माणसं. नुसता तो आणि कावळा. कावळा येतो, मान वाकडी करून बघतो, थांबतो.

"मग बोलून टाक की," मी म्हणालो. "आता कुणाची लाज?"

त्यानं आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"बोललो तर शिवंल ना तो," तो म्हणाला. "मग गुरुवारी माझ्यासंगं कोण बसंल?"

बापाला अडकवून ठेवलंय, हे त्याला कळतं. त्याची त्याला लाज वाटते. डोळे भरून आले होते त्याचे.

तेवढ्यात आरतीनं आतून विचारलं, चहा टाकू का? तो पटकन उठला. म्हणाला, नको, आज गुरुवार हाय. आणि आत जाऊन त्यानं कडी लावून घेतली.