सत्तेचाळिसावं पान

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरचा प्रिंटर काळी अक्षरं छापायलाही निळी शाई मागतो. काळी काठोकाठ भरलेली असली तरी निळी संपली की हा रुसून बसतो. त्या दुपारी मी त्याच्यासमोर पाऊण तास बसलो होतो आणि हाती एकच पान आलं होतं. तेही कोरं, वर कोपऱ्यात फक्त तारीख.

"दादा, कागद आधी फडफडवून घ्या!" स्वयंपाकघरातून मेहुण्यांचा आवाज आला. "कागदालासुद्धा जरा मोकळं वाटलं पाहिजे!"

मेहुण्यांना उत्तराची गरज नसते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. मधेच अडकलेल्या माणसांना धीर यावा म्हणून बाहेरून सतत बोलत राहायची त्यांना सवय लागली आहे, आणि ती सवय ते घरीही घेऊन येतात. गेली नऊ वर्षं मी त्यांच्या बोलण्याला अधूनमधून 'हं' म्हणत आलो आहे.

धाकटी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. पट्टी सोमवारी निघणार होती. पण तिचा खेळ शनिवारी, म्हणजे उद्याच होता, आणि खेळ पुढे ढकलायचा म्हटलं की ती अशी काही गप्प बसायची की आपणच गुन्हेगार वाटावं.

खेळ म्हणजे काय, तर टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि दार उघडलं की नाही, घाव लागला की नाही, हे फासे टाकून ठरवायचं. गोष्ट सांगते धाकटी. तिच्या दोन मैत्रिणी आणि मेहुणे हे खेळाडू. चाळिशी उलटलेली माणसं चार-चार तास भुयारात हिंडतात आणि 'आज तिसऱ्या दारापर्यंत पोचलो' म्हणून खूश होऊन चहा पितात. नियम सगळे इंटरनेटवर आहेत, फुकट आहेत, आणि गेल्याच आठवड्यात ते बदलले होते. तिच्या टेबलावर फोन आणायला बंदी. तेव्हा नियम कागदावर हवेत, आणि उद्या तिच्या शेजारी बसून ते वाचून दाखवायला मी हवा.

"तुझं आयुष्य छापखान्यात गेलं," ती म्हणाली होती. "तुला काय अवघड आहे?"

बावीस वर्षं मी मुद्रितशोधक आहे. छापून आलेल्या कच्च्या पानांवरच्या चुका लाल पेनानं दाखवणं हे माझं काम. पण वेबसाइट छापणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. पडद्यावर जे पान छान दिसतं ते कागदावर येताना सगळी लाज सोडतं. त्या कोऱ्या पानानंतरची पहिली छपाई आली ती एकतीस पानांची. प्रत्येक पानाच्या माथ्यावर वेबसाइटची काळी पट्टी, तिच्याखाली दोन ओळी गडप. तक्त्यांचे उजवे रकाने कापलेले. आणि जे परिच्छेद पुढचं अधिकचं चिन्ह दाबून उघडावे लागतात, त्यांची नुसती शीर्षकं. 'मृत्यू आणि त्यानंतर' असं ठळक शीर्षक आणि खाली काही नाही.

"मृत्यूनंतर काही नाही म्हणे," मी बोललो.

"प्लस दाब, दादा. प्रत्येक ठिकाणी दाबावं लागतं," धाकटी म्हणाली.

प्रत्येक ठिकाणी म्हणजे अठ्ठावन्न ठिकाणी. ते करण्याआधी मी चिडून पेन काढलं आणि हातातल्या वाया गेलेल्या पानांवरच्या चुका दुरुस्त करत बसलो. त्यात काही अर्थ नव्हता. रद्दीत जाणारी पानं होती ती. पण समोर छापील कागद आणि हातात लाल पेन असलं की माझा हात थांबत नाही. पाचव्या पानावर भुयाराच्या पायऱ्या बारा होत्या, नवव्यावर तेरा. मी बाराच्या तेरा केल्या. 'दिवा विझतो' असं एका ठिकाणी होतं, ते खोडून वर 'मालवतो' लिहिलं. तो शब्द मला आवडतो, एवढंच कारण.

मग अठ्ठावन्न चिन्हं दाबली, समास कमी केले, अक्षर एका मापानं लहान केलं, आणि दुसरी छपाई सोडली. या वेळी पानं नीट आली. एकूण सत्तेचाळीस.

पाचव्या पानावर पायऱ्या तेरा होत्या.

मी पडद्यावर पाहिलं. तिथेही तेराच. वेबसाइट कुणीतरी सतत सुधारत असतं, त्यानं नेमकं आता सुधारलं असेल, असं मी म्हटलं. मग दिव्याचं वाक्य शोधलं. 'दिवा मालवतो.' तेही पडद्यावर आणि कागदावर सारखंच. मला क्षणभर बरं वाटलं, कुठेतरी माझ्यासारख्याच आवडीचा माणूस बसलेला आहे म्हणून. यापलीकडे विचार करायला मला वेळ नव्हता, कारण मी शेवटच्या पानावर पोचलो होतो आणि माझं टाळकं सटकलं होतं.

सत्तेचाळिसाव्या पानावर फक्त चार ओळी होत्या. चार ओळी, खाली पानभर पांढरं, आणि तळाला एका गादीची जाहिरात. छापखान्यात असं पान सोडलं असतं तर मला उभं जाळलं असतं.

शेवटच्या प्रकरणात खेळाचा नमुना म्हणून एक संवाद दिला होता. सुरुवातीला लिहिलं होतं, 'या उदाहरणात दोन खेळाडू आहेत.' प्रत्यक्षात बोलत होते तिघं. मशालवाली, वैद्यीण आणि कुलूपवाला. पहिल्या दोघींचं बोलणं शेहेचाळिसाव्या पानावर संपत होतं. सत्तेचाळिसाव्यावर उरलेल्या चारही ओळी कुलूपवाल्याच्या.

'थांबा, आधी मी दाराला कान लावतो.'

'आत कुणी नाही. निदान श्वास घेणारं तरी नाही.'

'माझ्याकडे किल्ली आहे, पण दिवा कुणीतरी धरा.'

'तुम्ही पुढे व्हा. मी इथंच थांबतो.'

"हा कुलूपवाला कशाला हवा मधे?" मी विचारलं.

"तो माझाच की!" आतून मेहुणे ओरडले. "कुलूपवाला मी आहे, दादा! एकदा काय झालं, चौथ्या दारापाशी..."

चौथ्या दाराची गोष्ट सुरू झाली. चहाच्या पातेल्याचा आवाज, चमच्याचा आवाज, आणि त्यावरून गोष्ट. मी लाल पेन घेतलं. उदाहरणात दोन खेळाडू म्हटलंय ना, मग दोनच असू देत. मी चारही ओळींवरून सरळ रेघ मारली आणि समासात काढून टाकायची खूण केली. काम म्हणून नव्हे, निव्वळ राग म्हणून. मग आणखी एकदा छापायची आज्ञा दिली, कारण अकराव्या पानावर शाईचा डाग पडला होता.

शेहेचाळीस पानं आली.

मी ती मोजली, कडा जुळवल्या, डाव्या बाजूला दोन टाचण्या मारल्या. किती छान, शांतपणे काम झालं असं मला वाटलं. त्या शांततेचं सुख मी चांगलं दहा मिनिटं घेतलं, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग लक्षात आलं, की चहा आलेला नाही.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शेगडी गार होती. पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं आणि कोरडं होतं. दारापाशी चपलांच्या फळीवर धाकटीच्या चपला आणि माझे बूट, बस्स.

"मेहुणे बाहेर गेले का?"

"कुणाचे मेहुणे?"

"माझे. तुझा नवरा."

धाकटी हसली. "ऑपरेशन माझं झालंय की तुझं? दादा, सकाळपासून घरात आपण दोघंच आहोत."

"उद्या खेळायला कोण येणार आहे?"

"नेहमीच्या दोघी. तिसरा कुणी मिळाला तर बघ ना. दोघींत मजा येत नाही." तिनं खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. मग म्हणाली, "घर फार शांत वाटतं रे कधीकधी."

मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताची भीती वाटली.

मी टेबलाशी परत आलो. आधीच्या छपाईचं सत्तेचाळिसावं पान रद्दीच्या ढिगात वरच होतं. चार ओळी, चार लाल रेघा. चुकून खोडलेला मजकूर परत घ्यायचा असेल तर आमच्याकडे एक खूण असते. खोडलेल्या शब्दांखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'तसंच राहू द्या.'

मी टिंबं दिली. एकेका अक्षराखाली दिली. समासात चार वेळा लिहिलं.

छापायची आज्ञा दिली. प्रिंटरनं निळी शाई मागितली.

काय काय म्हणालो त्या प्रिंटरला ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाईची डबी काढली, हलवली, परत बसवली. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. तिसऱ्या वेळी तो गुरगुरला आणि पानं सोडायला लागला. मी मोजत होतो. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस.

सत्तेचाळीस.

स्वयंपाकघराचं दार मी उघडं ठेवलं होतं. ते आता लोटलेलं होतं.

"थांबा," दारापलीकडून मेहुण्यांचा आवाज आला, "आधी मी दाराला कान लावतो."

दार उघडून मेहुणे बाहेर आले. तोच निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. ते धाकटीजवळ स्टुलावर बसले आणि तिनं सवयीनं हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला. मला रडू यायचं बाकी होतं.

"कुणी आलं होतं का रे मघाशी?" तिनं त्यांना विचारलं. जणू ते कधी गेलेच नव्हते.

"आत कुणी नाही. निदान श्वास घेणारं तरी नाही."

ती खळखळून हसली. "उद्याची तयारी वाटतं! बरं, चहाचं काय झालं?"

"माझ्याकडे किल्ली आहे, पण दिवा कुणीतरी धरा."

या वेळी ती हसली नाही.

मी पानाकडे पाहिलं. चार ओळींपैकी तीन झाल्या होत्या. चौथी मला पाठ होती. ती बोलून झाल्यावर काय, हे मला कळत नव्हतं, आणि मेहुण्यांनी आता श्वास घेऊन तोंड उघडलं होतं.

मी चौथीच्या आधी नवा मजकूर घुसवायची खूण केली, तसे मेहुणे तोंड उघडं ठेवून थांबले.

आणि मी अडलो. दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासणारा माणूस मी. मेहुणे कसे बोलतात? नऊ वर्षं माझ्या कानावर पडलेलं त्यांचं एक वाक्य मला धड आठवेना. चौथ्या दारापाशी काय झालं होतं? लिफ्टमधल्या माणसांना ते काय सांगतात? मी नुसता 'हं' म्हणत आलो होतो.

सुचेल ते लिहिलं. चहा ठेवतो. डोळे दुखतायत का? सोमवारी पट्टी निघेल, काळजी करू नकोस. पानाच्या तळापर्यंत लिहिलं, गादीच्या जाहिरातीवरूनही लिहिलं, आणि छापलं.

मेहुणे बोलायला लागले. एकेक वाक्य, मधे नीट थांबून. आवाज त्यांचाच होता, मी शपथेवर सांगतो. ओठ हलत होते. धाकटीचा हात त्यांच्या हातात होता.

ती मान तिरकी करून ऐकत राहिली. मग पट्टी बांधलेला चेहरा तिनं माझ्याकडे वळवला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मघापासून तू एकटाच का बोलतोयस?"