खोली नसलेला फोटो

चौकटीत सात आकार होते: पायऱ्यांच्या चार राखाडी पट्ट्या, कठड्याची तिरकी रेघ, खिडकीतून पडलेला उजेडाचा चौकोन आणि पालथ्या बादलीचं वर्तुळ. कॅमेरा घरातच, स्टँडवर. समोर दार सताड उघडं, पलीकडे जिना. तो जिना वाटेनासा होईपर्यंत बघत राहिले आणि बटण दाबलं.

फोटोत आठ आकार आले. आठवा काळा त्रिकोण, सर्वांत खालच्या पायरीवर.

"एमएस्सी होऊन जिन्याचे फोटो काढतेस, ते काढतेस आणि वर डाग पाडतेस," आत्या म्हणाली.

"डाग नाही गं. त्याच्यामुळेच तर तोल साधलाय. माझ्या फोटोंत खोली नसते, नुसते आकार असतात."

"आहे ती एकच खोली, तीही घालव."

मी हसले. पण बोटाने त्रिकोण झाकला की अख्खं चित्र कलंडायचं. लेन्स पुसली, बदलली. पायरीवर जाऊन बसले. तिथे काळं काहीच नव्हतं. पुढच्या फोटोत त्रिकोण मोठा होता, एक पायरी वर. त्यापुढच्या फोटोत आणखी मोठा, आणखी वर.

आत्याने जिना उतरणंच सोडलं. "आपण दुसरं घर बघू या."

"भूमितीला घाबरून? या घरात तू मला वाढवलंस. जायचं तर त्याने जावं."

"चढतोय गं तो!"

इथे मी अडले. चढतोय कशावरून? सपाट फोटोत मोठा होणारा आकार नुसता जवळही येत असेल. किती जवळ, ते मोजता येतं. लेन्सची रिंग फिरवायची, कडा स्पष्ट झाल्या की तिच्यावरचं अंतर वाचायचं.

भर दुपारी कॅमेरा लावला. उंबरा लेन्सपासून दोन मीटरवर. डोळ्यांना जिना रिकामा, स्क्रीनवर त्रिकोण. आत्या दार धरून उभी.

"उंबऱ्याबाहेरच आहे ना? सांग, लगेच लावते दार."

"मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. आज त्याचा हिशेब लागू दे."

पाच मीटरवर जिना लख्ख. त्रिकोण धूसर.

तीन मीटर. धूसरच.

"लावू?"

"थांब म्हणते ना!"

दोन. आत्याच्या बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा दिसल्या. त्रिकोण धूसर.

मी रिंग फिरवत राहिले.

तिन्ही कडा एकदम धारदार झाल्या.

"अगं, बोल की!"

साठ सेंटिमीटर.