सातव्या घरातली म्हातारी

बसा हो मॅडम, खुर्ची ओढून घ्या. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या. घरात माणसं किती ते सांगतो, नाही कुठं म्हणतोय? शाळा सांभाळून मीही शिरगणतीचं काम केलंय. पण आधी माझं ऐका… आणि जरा हळू बोलू या. आत बसलीय ती.

जिल्ह्याच्या नकाशावर डोंगरामागे एक ठिपका आहे. सात घरांची वस्ती. दहा वर्षांपूर्वी ती माझ्या वाट्याला आली. चार तासांची चढण. कोण तंगडतोड करणार? शाळेच्या टेबलाशी बसूनच जुन्या यादीवरून सगळे कागद भरले. हसू नका, सगळेच करतात. बेरीज एकाने कमी येत होती, म्हणून सातव्या घरात एक म्हातारी घुसडली. वय सत्तर, विधवा, निरक्षर. अंगठाही माझाच उठवला. हा बघा, पेन्सिल तासताना ब्लेड लागलं होतं, त्याचा आडवा वण आहे ना? तोच.

गेल्या साली फेरतपासणीचा हुकूम आला. म्हटलं, आलीया भोगासी! गेलो झक मारत. भर दुपार, पण वस्तीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. सातव्या घरातली सून मला बघून धावतच आली.

"गुरुजी, तुम्हीच लिहिलंत ना हिला?"

"कुणाला?"

"तुमचे कागद गेले आणि आठवड्यात ही दारात उभी. म्हणाली, माझं नाव या घरात लागलंय. जेवत नाही, झोपत नाही. दिवे लागले की आम्हाला मोजते. मोजता मोजता एखाद्यापाशी थांबते… मग ते माणूस टिकत नाही. पाच होतो, गुरुजी. आता मी आणि हे, दोघंच."

कोपऱ्यात म्हातारी बसली होती. नऊ वर्षं उलटली, तरी सत्तरचीच. तिच्या अंगाला ओल्या शाईचा वास येत होता. तिने हात वर केला. अंगठा निळा, आणि त्यावर आडवा वण. मी माझा अंगठा मुठीत लपवला.

"खोडा हिला," सूनबाई रडत पायाशी बसली.

शिरगणतीची वही उघडली. खोडायचं तर नियमाप्रमाणे दोनच कारणं, मयत किंवा स्थलांतरित. 'मयत' लिहायला गेलो तर पेन उमटेना. 'स्थलांतरित' उमटलं. पुढचा रकाना, कुठे? तो रिकामा सोडता येत नाही. दिवसभर प्रत्येक कागदाखाली स्वतःचा पत्ता लिहायची सवय, तोच लिहून बसलो! मान वर केली तर कोपरा रिकामा.

घरी पोचलो, तर बायको म्हणते, "अहो, तुमच्या आत्या आल्यात. आधी सांगायचं नाही का?"

मला आत्या नाही, मॅडम.

तेव्हा आम्ही चौघं होतो. महिन्याभरात आई गेली. तिला साधा खोकलासुद्धा नव्हता हो. वही माझ्याकडे होती तोवर खोटा पत्ता टाकूनही पाहिला. तासाभरात म्हातारी परत उंबऱ्यात. बायको मलाच वेड्यात काढते. आणि परवा दिवे लागल्यावर तिने मोजायला घेतलं. एक… दोन… आणि माझ्या चिमणीपाशी थांबली. सात वर्षांची पोर आहे माझी! त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही.

शाईचा वास तुम्हालाही येतोय ना?

लिहा. माणसं तीन. चौथी स्थलांतरित. आता वही तुमच्याकडे आहे, लिहिणारा हात तुमचाच लागतो… उठू नका. दाराला कडी आहे. मला माफ करा, पोर वाचवायचीय मला. खरा पत्ता कुठून आणू म्हणत होतो, तर हा काय, कागदाखाली तुम्हीच लिहिलाय.

घाबरू नका हो… तुमच्या घरी माणसं किती?