अर्धीच पोस्ट

दार लोटून घे गं, चेतना. हळू बोल. आत प्रांजल झोपलीय.

माझ्या भावाची, हर्षदची मुलगी सध्या आमच्याकडे, चारकोपलाच असते. कोर्टाने दिलीय, पुढच्या तारखेपर्यंत. कशी मिळाली ते सांगायला लाज वाटते. पण नाही सांगितलं तर वेड लागेल मला.

अक्षता, माझी भावजय, तिचं एक खाजगी अकाउंट होतं. आत फक्त दोघी, मी आणि तिची आई सुनंदामावशी. मावशी वारली तरी अक्षताने तिला काढलं नव्हतं. तिलाच लिहायची काहीबाही. मी वाचायचे, बदाम टाकायचे.

प्रांजल कोणाकडे राहणार, हे तिचं न् हर्षदचं भांडण कोर्टात गेलं तसं अक्षताने अकाउंट बंद केलं. माझ्याकडे एका पोस्टचा स्क्रीनशॉट राहिला होता. वकीलबाई खूश! म्हणाल्या, "प्रिंट काढा, आणि माझ्याच फोनमधली खरी प्रत आहे अशी सही द्या."

पोस्ट होती, "आई, आज वाटलं प्रांजलला टाकून कुठंतरी निघून जावं." त्याखाली, "दारापर्यंत गेले पण. ती झोपेत हसली आणि मी आत आले."

मी फोनमध्येच खालची ओळ कापली.

भर दुपारी मार्केटमधल्या अंबादासकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. प्रिंट आली, तर खालची ओळ होतीच. पुन्हा कापली. पुन्हा आली.

"मॅडम, फोनमध्ये असेल तेच येणार ना," काका वैतागले.

तिसऱ्या कागदाला मशेरीचा वास येत होता. जळक्या तंबाखूचा, सुनंदामावशीच्या तोंडाला यायचा तसाच. आणि शेवटी मावशीच्या नावाने कमेंट...

"सुगंधा, फुडचा वाच गो."

फोनमध्ये बघितलं. तिथे ती कमेंट नव्हतीच.

माझी टरकली होती गं. तरी डोक्यात एकच, भाऊ जिंकला पाहिजे. खालच्या भागावर कोरा कागद ठेवला आणि झेरॉक्स काढून घेतली. सही पण ठोकली.

कोर्टात अक्षता रडली नाही. बाहेर जिन्यात म्हणाली, "ताई, त्या पोस्टला तुम्ही बदाम दिला होतात. पूर्ण वाचूनच ना?"

मी मान खाली घालून रिक्षा शोधायला लागले. थू माझ्यावर.

तेव्हापासून प्रांजल माझा हात धरत नाही. चालताना दुसरा हात मात्र वर करून चालते, कोणीतरी बोट दिल्यासारखा. आज शाळेतून येताना रस्त्यात गाडी आली म्हणून मी तो हात ओढला... सुटला नाही. चार वर्षांच्या पोरीचा हात, आणि मी दोन्ही हातांनी ओढतेय!

"आत्या, सोड ना," ती म्हणाली. "आजीने धरलाय."

"कुठली आजी, बाळा?"

"आईची. ती म्हणते, आत्या कोर्टात परत गप्प बसली तर तू माझ्याकडेच ये."

उद्या तारीख आहे, चेतना. मी सांगणार आहे सगळं, आईशप्पथ. हर्षद तोंड बघणार नाही माझं, खोट्या सहीची केस होईल, होऊ दे. पण मघाशी तिला झोपवलं ना, तेव्हा दोन्ही हात पांघरुणात नीट घेतले होते मी. आता हा वास... तुला येतोय ना?

तूच जा ना आत. एक हात वर आहे का, तेवढं बघ. मला धीर होत नाहीये.