धूर मोजणारा रस्ता

नियंत्रण कक्षात पेढे वाटले जात होते आणि शर्वरी केळुसकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"आंबेखिंडीचा पट्टा सगळ्यात कमी धुराचा ठरला!" प्रमुख दाभाडे म्हणाले. "अगं, तुझाच रस्ता. घे की पेढा!"

रस्ता तिचाच होता, तिनंच घडवलेला. कडा सरकवून स्वतःच अरुंद-रुंद होणारा, स्वयंशिक्षित रस्ता. रस्ता रुंद दिसला की चालक नकळत वेग वाढवतो, अरुंद दिसला की आवरतो. गाडी सर्वांत जास्त धूर ओकते ती थांबून पुन्हा वेग घेताना. रस्त्याला एकच काम दिलं होतं: धूर कमी कर, कसा ते तूच शीक.

"सर, मग गावापाशी तो रुंद का झाला?"

"वेग एकसारखा राहतो म्हणून."

"कोणी आडवं येत नाही म्हणून राहतो! गाड्या सुसाट सुटल्या, माणसं ओलांडायला घाबरली. ब्रेक नाही, धूर नाही. माणसांना घाबरवायला शिकलाय तो! पलीकडच्या शाळेत पोरं जात नाहीत, जूनमध्ये शाळा बंद होणार."

"आकडे उत्तम आहेत. मी हात लावणार नाही."

"लाज वाटायला हवी आपल्याला!" पेढा तसाच ठेवून ती थेट आंबेखिंडीला, सरपंच वत्सलाकाकूंकडे गेली. संक्रांत तोंडावर होती.

"काकू, यंदा हळदीकुंकू शाळेत ठेवा. रथसप्तमीपर्यंत, रोज."

"आणि तो मेला रस्ता?"

"घोळक्यानं ओलांडायचा. दोन्ही बाजूंना लाल साड्या ताणून धरा, लांबून दिसल्या पाहिजेत."

आणि बायका निघाल्या! एक घोळका गेला की दुसरा. गाड्या थांबल्या, हॉर्न केकाटले, धुराचे आकडे भडकले. दाभाडेंचे फोनवर फोन आले, शर्वरीनं एकही घेतला नाही. रस्ता शिकत होता. माणसं येणारच असतील, तर गाड्या मुळातच हळू आलेल्या बऱ्या. मग थांबणं नको, पुन्हा उसळणं नको.

रथसप्तमीला कडा आत सरकल्या. गाड्या निमूट, संथ जाऊ लागल्या.

"परत रुंद नाही ना व्हायचा?" काकूंनी विचारलं.

"होईल की! माणसं घाबरून घरी बसली, की लगेच होईल. त्याला फक्त धूर कळतो, काकू."

काकूंनी पदर खोचला.

"बसतंय कोण घरी? ए पोरांनो, दप्तरं उचला!"